नाक धुवायला मीठ कुठलं, हा दुसरा प्रश्न

दिवाळी उलटली की बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात ऊसतोड सुरू होते. पाचट पेटतं आणि सकाळच्या गारव्यात तो धूर जमिनीलगतच रेंगाळतो. निपाणीकडे तंबाखूची धूळ नाकाला किती झोंबते, हे वखारीत काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. मग कुणीतरी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, सुचवतं, आणि किराणा दुकानात विचारणा होते, "अण्णा, नाक धुवायला मीठ कुठलं चांगलं?" उत्तर ठरलेलं असतं, "सैंधव घ्या की काकी, एकदम शुद्ध असतंय."

सैंधव वाईट नाही. पण नाकाला मिठाच्या जातीपेक्षा त्याच्या प्रमाणाशी जास्त कर्तव्य असतं, आणि त्याहून जास्त पाण्याशी.

नाकाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून चिकट शेंबूड, त्यात अडकलेल्या धुळीसकट, घशाकडे ढकलत राहतात. मिठाचं पाणी हा थर पातळ करतं आणि धूळ-परागकण धुऊन काढतं. मात्र नुसतं साधं पाणी नाकात गेलं तर डोळ्यांतून पाणी काढतं. पेशींच्या आत क्षार जास्त, बाहेर जवळपास नाहीत, म्हणून पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. मीठ फार झालं तर उलट होतं. लोणच्यासाठी मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना जसं पाणी सुटतं, तसं पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, आणि तेही झोंबतं. या दोन्हींच्या मधला बिंदू म्हणजे ०.९ टक्के, लिटरला ९ ग्रॅम. हार्टोग हॅम्बुर्गर या डच शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीस रक्तपेशींवर प्रयोग करून तो शोधला. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर तोच आकडा छापलेला असतो.

हे ९ ग्रॅम चमच्याने मोजायला गेलं की घोळ होतो. मोजमापाचा ५ मिलिलिटरचा चमचा सपाट भरला तर बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं, जाडं मीठ त्याहून कमी. घरातला चहाचा चमचा तर प्रत्येकाचा वेगळा. म्हणून सरळ काट्यावर ४५ ग्रॅम मीठ तोलून घ्या, कागदावर पसरा आणि सारख्या १० पुड्या बांधा. एक पुडी अर्ध्या लिटर पाण्याला.

आता मिठाकडे वळू. काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन त्यात चमचाभर मीठ विरघळवा आणि तासभर हलवू नका. जाड्या मिठाच्या तळाशी मिठागरातली माती बसते, सैंधवाच्या तळाशी बऱ्याचदा लालसर कण. पाकिटातल्या बारीक मिठाचं पाणी किंचित गढूळ दिसतं, कारण ते मोकळं राहावं म्हणून त्यात काही पदार्थ मिसळलेले असतात. पाकिटामागे ५३६ किंवा ५५१ असे त्यांचे आकडे दिसतील. माती किंवा वाळू सुजलेल्या नाकात घालण्यात काहीच शहाणपण नाही. काळं मीठ तर नकोच, त्यात गंधकाची संयुगं असतात.

आयोडीनची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावं लागतं. त्या हिशेबाने एका पुडीत ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं, आणि तेही बहुतेक वाहून जातं. काही जणांना ते चुरचुरतं, म्हणून बिनआयोडीनचं शुद्ध मीठ बरं. औषध दुकानात नाक धुण्याच्या तयार पुड्या मिळतात, त्या मला सगळ्यांत निर्धोक वाटतात. पण नाकासाठी सैंधव आणलं म्हणून स्वयंपाकातलं आयोडीनचं मीठ बंद करू नका. गलगंडाचं दुखणं या देशाने फार सोसलं आहे. त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९६२ पासूनची आहे.

तरीही झोंबत असेल तर अर्ध्या लिटरला चिमूटभर खायचा सोडा घाला. धुण्याचा सोडा चुकूनही नको, तो अस्तर भाजून काढेल. बेकिंग पावडरही नाही.

आणि पाणी. राकसकोप-हिडकल जलाशयांचं नळाचं पाणी शुद्ध करून येतं, पण ते पिण्यासाठी. पोटातलं आम्ल जे मारतं, ते नाकात जिवंत राहतं. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यात वाढणारा अमिबा गिळला तर काही करत नाही. नाकातून गेला तर वासाच्या मज्जातंतूवरून मेंदू गाठतो, आणि मग वाचणारे विरळा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं अशीच दगावली. केरळातही अलीकडे या आजाराचे रुग्ण आढळले आहेत, बहुतेक वेळा निमित्त वेगळं असलं तरी वाट नाकाचीच. आजार अतिशय दुर्मीळ आहे, हे खरं. पण टाळायला एका मिनिटाची उकळी पुरत असताना धोका का पत्करायचा? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथे पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं, तरी खळखळून मिनिटभर पुरेसं. आरओचं किंवा वीस लिटरच्या जारचं पाणीसुद्धा उकळूनच घ्या. साठवणीत जंतू वाढू शकतात.

मीठ घालून, झाकण ठेवून उकळा आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. बेसिनवर वाकून मान तिरकी करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत हळूहळू ओता. नंतर जोराने शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं. उरलेलं पाणी दिवसाअखेर ओतून द्या, भांडं धुऊन कोरडं करा.

कान दुखत असेल, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वासाचं पाणी येत राहिलं तर नेती थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.