बिळाच्या तोंडाशी उभा असलेला पिंगळा

घुबडांचा नाद लागलेल्या पक्षीनिरीक्षकाच्या वाट्याला बहुधा रात्री ऐकलेला एखादा घूत्कार, झाडाखाली पडलेल्या उलटीच्या गोळ्या आणि ढोलीच्या तोंडाशी क्षणभर दिसलेले डोके एवढेच येते. याला ठळक अपवाद असलेले एक घुबड अमेरिका खंडात आहे. ते भर उन्हात, उघड्या माळावर, आपल्या गुडघ्याच्याही खाली भरेल अशा उंचीवर ताठ उभे राहते आणि पाहणाऱ्याकडे पिवळ्याधमक डोळ्यांनी रोखून पाहते. इंग्रजीत त्याला ‘बरोइंग आउल’ म्हणतात, शास्त्रीय नाव ‘अथीनी क्युनिक्युलॅरिया’. आपण त्याला बिळातला पिंगळा म्हणू. त्याचे दर्शन सोपे असले तरी त्याचे वागणे मात्र नुसते पाहून उलगडत नाही, कारण तो बाहेर जे जे करतो त्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या पायाखालच्या अंधारात, म्हणजे बिळात असते.

‘पिंगळा’ हे नाव त्याला उगाच दिलेले नाही. आपल्या गावाबाहेरच्या वडा-आंब्याच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात जोडीने राहणारा ठिपकेदार पिंगळा हा त्याच्याच ‘अथीनी’ प्रजातीतला. आकाराने दोघे जवळपास सारखे, म्हणजे वीसेक सेंटिमीटरचे; डोके वाटोळे, त्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे नाहीत आणि भुवया पांढऱ्या. 1884नंतर शंभरहून अधिक वर्षे कोणाच्याही दृष्टीस न पडलेला आणि 1997मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलेला रानपिंगळा हाही याच गोतावळ्यातला. दिवसा वावरण्याची सवय त्यालाही आहे. बिळातल्या पिंगळ्याचे वेगळेपण त्याच्या पायांत आहे. ते लांबसडक, विरळ पिसांचे आणि जमिनीवर धावण्याजोगे असतात. किड्यामागे तो कित्येकदा उडत नाही, सरळ पळत सुटतो, आणि घुबड पळताना पाहिल्यावर हसू आवरणे कठीण असते.

कॅनडाच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवरही हा पक्षी आढळतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेलगत असलेले इंपीरियल खोरे हे त्याच्या निरीक्षणासाठी प्रसिद्ध आहे. हा मुळात वाळवंटी प्रदेश, पण कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर तिथे शेती उभी राहिली आणि शेतांमधून कालवे-चाऱ्यांचे जाळे पसरले. त्या चाऱ्यांच्या मातीच्या बांधांत पिंगळ्यांनी घरे केली. राज्यातल्या या जातीच्या पक्ष्यांपैकी फार मोठा हिस्सा आज या एका शेतीच्या खोऱ्यात आहे. तिथे जाणारे निरीक्षक गाडी रस्त्याच्या कडेने अगदी हळू चालवतात, नजर बांधाच्या कडेवर ठेवतात आणि पक्षी दिसला की इंजिन बंद करून आतूनच पाहतात. गाडीला पिंगळा फारसा बिचकत नाही. दार उघडून माणूस खाली उतरला की मात्र त्याची मान ताठ होते.

दुर्बिणीतून सर्वांत आधी लक्षात येते ती त्याची उठाबशी. तो झटकन खाली वाकतो, पुन्हा उंच होतो, मान एका बाजूला नेतो, मग दुसऱ्या. छायाचित्रकारांना ही अदा फार आवडते, पण पक्ष्याच्या दृष्टीने ती मोजणी असते. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असल्यामुळे ते आपल्यासारखे फिरत नाहीत. डोके वेगवेगळ्या जागी नेऊन, जवळची आणि लांबची वस्तू किती सरकल्यासारखी दिसते यावरून त्याला अंतराचा अंदाज घ्यावा लागतो. म्हणजे पिंगळा आपल्याकडे पाहून उठाबशा काढू लागला, की त्याला आपले येणे खटकले आहे असे समजावे आणि आणखी पुढे जाऊ नये. चक-चक असा कर्कश आवाज सुरू झाला तर आपण आधीच जास्त पुढे गेलो आहोत. विणीच्या काळातल्या नराचा रंग मादीपेक्षा फिकट दिसतो, यामागेही बीळच आहे. मादी अंड्यांवर आत बसते आणि नर दिवसभर बाहेर पहारा देत उन्हात उभा राहतो, त्यामुळे त्याच्या पिसांचा रंग विटतो.

आता हे बीळ मुळात कोणाचे, हा प्रश्न. 1833मध्ये अर्जेंटिनाच्या पंपास मैदानातून घोड्यावरून प्रवास करताना चार्ल्स डार्विनला हे पक्षी जागोजागी, बिळाजवळच्या उंचवट्यावर जोडीजोडीने उभे असलेले दिसले. त्याने नोंदवले आहे, की ब्वेनोस आयरेसच्या मैदानात हा पक्षी विस्काचा नावाच्या मोठ्या कृंतकाच्या, म्हणजे उंदीर-घुशींच्या गोतावळ्यातल्या प्राण्याच्या, बिळांतच राहतो, पण नदीपलीकडे, आजच्या उरुग्वेत, तो स्वतःचे बीळ स्वतः खणतो. एकाच जातीच्या पक्ष्याने एका ठिकाणी भाडेकरू आणि दुसऱ्या ठिकाणी घरमालक असावे, हे निरीक्षण आजही तितकेच लागू आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचे पिंगळे प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला, वसाहत करून राहणारा प्राणी), जमिनीवर राहणाऱ्या खारी आणि बॅजर (बिळे खणणारा एक मांसाहारी प्राणी) यांनी खणलेली बिळे वापरतात आणि फार तर पायांनी माती उकरून ती रुंद करतात. फ्लोरिडातले पिंगळे मात्र वाळूसारख्या भुसभुशीत जमिनीत बहुतेक वेळा स्वतःच खणतात. घुशीच्या बिळापाशी असते तशी उकीर त्यांच्या दारातही पडलेली दिसते, आणि पहाऱ्यासाठी उंचवटा म्हणून तीच उपयोगी पडते.

प्रेअरी डॉगच्या वसाहतीत राहण्याचा फायदा फुकटच्या घरापुरता नाही. हे प्राणी शत्रू दिसताच भुंकल्यासारखा इशारा देतात. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या इशाऱ्यांचे ध्वनिमुद्रण पिंगळ्यांना ऐकवले गेले, तेव्हा धोक्याशी संबंध नसलेल्या आवाजांच्या तुलनेत ते या आवाजाला अधिक सावध झाले. शेजाऱ्याच्या पहाऱ्यावर ते कान ठेवून असतात, असा त्याचा अर्थ. परंतु ज्याच्या बिळावर आणि पहाऱ्यावर अवलंबून राहायचे, तो प्राणीच नाहीसा झाला तर काय? पश्चिम अमेरिकेत गुरांसाठी चराई राखण्याच्या नावाखाली प्रेअरी डॉगना विष घालण्याची मोहीम अनेक दशके चालली आणि त्यांच्या वसाहती मूळच्या क्षेत्राच्या अगदी थोड्या भागात उरल्या. पिंगळ्याला कोणी विष घातले नव्हते; त्याचे घर बांधणारा गेला, म्हणून तोही गेला.

बिळाच्या तोंडाशी दुर्बीण स्थिर केली की आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. दारात आणि आतल्या वाटेवर गाई-घोड्यांच्या शेणाचे तुकडे पसरलेले असतात. ते वाऱ्याने आलेले नसतात, पक्ष्याने चोचीत धरून आणून कुस्करलेले असतात. कोणी ते उचलून टाकले तर तो पुन्हा आणून टाकतो. बराच काळ असे मानले जाई, की शेणाच्या वासात अंडी-पिल्लांचा वास लपतो आणि शिकारी प्राण्यांना पत्ता लागत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातील डग्लस लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. त्यांनी खोटी बिळे तयार करून त्यांत लाव्याची अंडी ठेवली, काहींच्या दारात शेण टाकले आणि काहींच्या नाही. अंडी फस्त होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग त्यांनी खऱ्या बिळांच्या दारातले सगळे शेण झाडून काढले, काही दारांत नव्याने शेण घातले आणि काही दारे रिकामी ठेवली, आणि चार दिवसांनी पिंगळ्यांनी ओकलेल्या गोळ्या गोळा केल्या. अशा गोळीत न पचलेली हाडे, केस आणि किड्यांची टणक कवचे असतात, त्यामुळे पक्ष्याने काय खाल्ले याचा तो लेखी पुरावाच म्हणायला हरकत नाही. शेण असलेल्या दारांतल्या पिंगळ्यांनी सुमारे दहापट अधिक शेणकिडे खाल्ले होते. हा शोध 2004मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तासन् तास दारात आळसावल्यासारखा उभा असलेला पिंगळा प्रत्यक्षात गळ टाकून बसलेला असतो, हे कळल्यावर त्या उभे राहण्याकडे पाहण्याची नजरच बदलते.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. काही बिळांपाशी शेणाखेरीज कागदाचे कपटे, चकचकीत वेष्टनाचे तुकडे, सुतळी, गालिच्याचे धागे असाही कचरा मांडलेला आढळतो, आणि प्लॅस्टिक चघळायला शेणकिडा येत नाही. हे बीळ रिकामे नाही, अशी ती इतर पिंगळ्यांना दिलेली सूचना असावी, असे एक स्पष्टीकरण आहे आणि ते मला पटण्याजोगे वाटते. शेणाचा गळ आणि दारावरची पाटी ही दोन्ही कामे एकाच सवयीतून साधत असतील तर त्यात विसंगत काही नाही.

खूप जवळ गेलेल्या माणसाला आणखी एक अनुभव येतो, आणि तो घाम फोडणारा असतो. पक्षी आत पळतो आणि काही क्षणांत बिळातून खुळखुळ्या सापाने शेपटी वाजवावी तसा सलग, कोरडा आवाज येऊ लागतो. साप बिळात नसतो. हा फूत्कार कोंडीत सापडलेला पिंगळा किंवा त्याची पिल्ले काढतात. 1986मध्ये रो, कॉस आणि ओविंग्ज या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या खारींना दोन्ही आवाज ऐकवून दाखवले, की जिथे अशा सापांचा वावर आहे तिथल्या खारी पिंगळ्याच्या फूत्कारालाही दबकतात. ही नक्कल यशस्वी होते ती अंधारामुळे. उजेडात पक्षी आणि साप यांत कोणाची गफलत होणार नाही, पण काळोख्या बिळात डोकावणाऱ्या प्राण्यापुढे फक्त आवाज असतो, आणि खात्री करून घेण्याचा धोका कोणी पत्करत नाही. त्याच बिळात मादी आणि अर्धा-एक डझन पिल्ले श्वास घेत असतात आणि हवा खेळती नसते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट वाढते. इतर पक्ष्यांचा श्वास अशा हवेत लगेच जोराने चालू लागतो. बिळातल्या पिंगळ्याच्या शरीराला तिची सवय असल्याने तो तुलनेने शांत राहतो.

अंडी उबवायला सुमारे चार आठवडे लागतात आणि पिल्ले दोनेक आठवड्यांची झाली की दारात येऊन ओळीने उभी राहू लागतात. पाहणाऱ्यांची गर्दी उसळते ती याच दिवसांत.

अशी गर्दी पाहायची तर फ्लोरिडातल्या केप कोरलला जावे. 1950च्या दशकाच्या अखेरीस रोझेन बंधू या जमीन-विकासकांनी तिथली दलदल आणि झाडी साफ करून सुमारे 640 किलोमीटर लांबीचे कालवे खोदले आणि हजारो भूखंड पाडले. भूखंड विकले गेले, पण त्यांतल्या बहुसंख्य जागांवर दीर्घकाळ घरे उठली नाहीत. आखूड गवत, झाडांचा अभाव आणि कोरडी वाळू म्हणजे पिंगळ्याला हवे तसे माळरानच. आज राज्यातली त्यांची सर्वांत मोठी वस्ती या शहरात आहे, तो शहराचा अधिकृत पक्षी आहे आणि दर फेब्रुवारीत त्याच्या नावाने उत्सव भरतो. बिळाभोवती स्वयंसेवक चार पांढरे खांब रोवून दोरी बांधतात, जेणेकरून गवत कापणारे यंत्र बिळावरून जाणार नाही, आणि बसायला इंग्रजी टी अक्षरासारखी लाकडी बैठक उभारतात. परगावच्या निरीक्षकाला रहदारीच्या रस्त्यावरून, शेजारच्या घराच्या फाटकाशी उभे राहून हा पक्षी दिसतो. राज्याच्या वन्यजीव आयोगाची सूचना अशी, की विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, बिळापासून निदान दहा मीटर आणि एरवी तीन मीटर अंतर राखावे. लांब भिंगाचा कॅमेरा असलेल्याने याहून दूर राहायला काहीच हरकत नसावी. अडचण वेगळीच आहे: ज्या रिकाम्या भूखंडांनी पिंगळ्याला आसरा दिला, त्यांवर आता भराभर घरे उठत आहेत, आणि रीतसर परवाना घेऊन बीळ बुजवताही येते.

बांधकामाच्या आड येणाऱ्या पिंगळ्याचे काय करायचे, हा प्रश्न कॅलिफोर्नियात अधिक तीव्र आहे. सिलिकॉन व्हॅलीत, जिथे मराठी कुटुंबांचीही चांगली वस्ती आहे, माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन उद्यानात एकेकाळी फिरायला येणाऱ्यांना हे पक्षी सहज दिसत. आता त्या सगळ्या परिसरात त्यांची संख्या फारच रोडावली आहे. तिथली प्रचलित पद्धत म्हणजे बिळाच्या तोंडावर फक्त बाहेरच्या दिशेने उघडणारी झडप बसवायची. पक्षी बाहेर पडतो, परत आत जाऊ शकत नाही, आणि काही दिवसांनी बीळ बुजवले जाते. पुढे तो कुठे जातो हे त्याच्यावर सोडलेले असते. दुसरी पद्धत त्याला पकडून सुरक्षित जागी नेण्याची. तिथे प्लॅस्टिकच्या पन्हाळी नळ्यांची आणि अर्ध्या कापलेल्या पिंपांची कृत्रिम बिळे जमिनीत पुरलेली असतात. ओरेगॉनमधल्या उमॅटिला येथे, रासायनिक शस्त्रांच्या जुन्या कोठारांच्या आवारात, अशाच बिळांमुळे ओसरलेली वस्ती पुन्हा वाढली. परंतु नव्या जागी आणलेला पक्षी बहुधा तिथे टिकत नाही, उडून जातो.

सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांनी यावर शोधलेला उपाय पक्षीनिरीक्षकांना लगेच पटेल असा आहे. वापरात असलेले बीळ ओळखायची आपली खूण म्हणजे दारातले विष्ठेचे पांढरे शिंतोडे. पिंगळेही तीच खूण पाहत असावेत, या तर्काने त्यांनी नव्या बिळांच्या तोंडाशी पांढरा रंग शिंपडला आणि पिंगळ्यांच्या हाकांचे ध्वनिमुद्रण वाजवले. शेजार आहे असे वाटल्यावर पक्षी त्या जागी मुक्काम करण्याचे प्रमाण बरेच वाढले. ऑक्टोबर 2024मध्ये कॅलिफोर्नियाच्या मत्स्य आणि शिकार आयोगाने या पक्ष्याला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखालील यादीसाठी उमेदवार म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अंतिम निर्णय होईपर्यंत त्याला त्या यादीतल्या जातींइतकेच संरक्षण मिळते, आणि झडप बसवून बीळ बुजवण्याआधी राज्याची परवानगी घेणे भाग पडते.