तिसरे रोम

तिसरे रोम : (रशियन ‘त्रेती रीम’). पहिले रोम धर्मभ्रष्ट झाले, दुसरे रोम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) तुर्कांच्या हाती पडले, म्हणून खऱ्या ख्रिस्ती राज्याचा वारसा मॉस्कोकडे आला, अशी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियात मांडली गेलेली कल्पना. रशियन राज्यकर्त्यांच्या विस्तारवादी युद्धांचे, अलीकडे युक्रेनवरील आक्रमणाचे, मूळ अनेकदा थेट या कल्पनेत शोधले जाते. उपलब्ध साधने त्याला फारसा आधार देत नाहीत.

पार्श्वभूमी : फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत (१४३९) कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटिन (पूर्व रोमन) सम्राटाने पोपशी ऐक्य मान्य केले. मॉस्कोने ते नाकारले आणि १४४८ मध्ये रशियन बिशपांनी कॉन्स्टँटिनोपलला न विचारता आपला महाधर्माध्यक्ष निवडला. २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टँटिनोपल पडले, तेव्हा मॉस्कोत तो या ऐक्याच्या पापाचा दंड मानला गेला. मॉस्कोचा राज्यकर्ता तिसरा इव्हान याने १४७२ मध्ये अखेरच्या सम्राटाची पुतणी सोफिया हिच्याशी विवाह केला. साम्राज्य तिच्याबरोबर मॉस्कोत आले, असे जुन्या ग्रंथांत सांगितले जाते. परंतु इव्हानच्या मुद्रेवर द्विमुखी गरुड आढळतो तो १४९७ मध्ये, म्हणजे विवाहानंतर पंचवीस वर्षांनी. तो हॅब्सबर्ग दरबाराच्या अनुकरणातून आला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

उगम व कालनिश्चिती : ‘दोन रोम पडली, तिसरे उभे आहे, चौथे होणार नाही’ हे वचन वायव्य रशियातील प्स्कोव्ह शहराजवळच्या येलिआझारोव्ह मठातील फिलोफेई या भिक्षूचे. त्याच्या नावावर मुख्यतः तीन पत्रे सांगितली जातात. त्यांपैकी प्स्कोव्हचा दप्तरदार मिस्यूर मुनेखिन याला लिहिलेले पत्र निःसंशय त्याचे असून ते साधारण १५२३-२४ मधील आहे. त्याचा विषय राज्यविस्तार नाही. मॉस्को दरबारातील जर्मन वैद्य निकोलस ब्युलो हा १५२४ मध्ये ग्रहयोगामुळे मोठी उलथापालथ होईल असे भाकीत पसरवीत होता, त्याचे खंडन करण्यासाठी ते लिहिले गेले. राज्ये ताऱ्यांमुळे नव्हे, पापामुळे पडतात, हा फिलोफेईचा मुद्दा. रोमचे उदाहरण त्या ओघात येते.

दुसरे पत्र मॉस्कोचा राज्यकर्ता तिसरा वसिली याला उद्देशून आहे. पूर्वी ते १५१० च्या सुमाराचे, म्हणजे मॉस्कोने प्स्कोव्ह ताब्यात घेतले त्या वेळचे मानत. त्यात धर्मपीठ ‘विधवा’ ठेवू नये अशी विनवणी आहे. नॉव्हगोरोडचे पीठ १५०९ ते १५२६ रिकामे होते, तेव्हा पत्र १५२६ पूर्वीचे असावे इतकेच म्हणता येते. ते मुनेखिनच्या पत्रानंतरचे असून फिलोफेईचे नसावे, असेही एक मत आहे. चौथ्या इव्हानला लिहिलेल्या तिसऱ्या पत्राचे कर्तृत्व त्याहून संशयास्पद आहे.

आशयाबाबत एक गोष्ट निसटू नये. ‘चौथे होणार नाही’ ही विजयघोषणा नव्हे. बायबलमधील दानिएलच्या भविष्यानुसार अखेरचे राज्य बुडाले की जग संपते. म्हणून झारने क्रूसाची खूण नीट करवावी, अनाचार रोखावा, अन्यथा तिसरेही पडेल, असे हे बजावणे आहे.

पुढील इतिहास : १५८९ मध्ये मॉस्कोत पॅट्रिआर्कपद (ऑर्थोडॉक्स चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूचे पद) स्थापन झाले, त्या सनदेत हे वचन आले. त्यानंतर त्याचे उल्लेख विरळ होत जातात. सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने कॉन्स्टँटिनोपलवर डोळा ठेवून १७७९ मध्ये नातवाचे नाव कॉन्स्टंटिन ठेवले आणि १७८३ मध्ये क्रिमिया घेतला. पण फिलोफेईची पत्रे तेव्हा छापलीही गेली नव्हती. ती १८४६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तुर्कांशी युद्धे चालू असलेल्या त्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वान व पत्रकारांनी त्यांत रशियाचे ऐतिहासिक कार्य वाचले. मार्शल पो यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखविल्याप्रमाणे साम्राज्यवादी तिसरे रोम ही मुख्यतः या काळाची निर्मिती होय.

सद्यःस्थिती : व्लादिमीर पुतिन यांनी जुलै २०२१ मधील लेखात रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर व्यापक आक्रमण सुरू केले. ९ जून २०२२ रोजी त्यांनी आदर्श म्हणून पुढे केला तो पीटर द ग्रेट : स्वीडनविरुद्धच्या उत्तरेच्या युद्धात पीटरने काही हिसकावले नाही, परत मिळवले, असे ते म्हणाले. याच पीटरने राजधानी मॉस्कोतून हलवली आणि १७२१ मध्ये पॅट्रिआर्कपद मोडीत काढून सम्राट ही पाश्चात्त्य पदवी घेतली. भूमी ‘परत मिळवण्याची’ ही भाषा फिलोफेईची नाही.

त्याच्या भाषेच्या जवळ जातो तो मार्च २०२४ मधील जागतिक रशियन लोकपरिषदेचा ठराव. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांच्या अध्यक्षतेखालील या परिषदेने युक्रेनमधील युद्धाला ‘पवित्र युद्ध’ म्हटले आणि अधर्माला थोपवून धरणारी शक्ती म्हणून रशियाचे वर्णन केले. जगाच्या अंताची परिभाषा तीच. राज्यकर्त्याला त्याच्या पापाबद्दल बजावणारा भाग मात्र त्यात उरलेला नाही.

कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्कपद आजही इस्तंबूलच्या फेनेर भागात आहे. जानेवारी २०१९ मध्ये पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चला पूर्ण स्वातंत्र्याची (ऑटोसेफली) सनद दिली. त्या निर्णयाच्या हालचाली सुरू होताच मॉस्कोने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्याशी धर्मसंबंध तोडले होते.