वळचण नसलेल्या शेडची पन्हळ

ज्या शेडचा पत्रा भिंतीच्या बाहेरील कडेशीच संपतो, तिच्या छपरावरील पावसाचे पाणी झेलून ठरावीक जागी उतरवण्यासाठी बसवलेली पन्हळ. इंदूरच्या जुन्या कौलारू घरांना पुढे आलेली वळचण असे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. परंतु घरामागच्या मोकळ्या पट्टीत गाडीसाठी किंवा अडगळीसाठी उभारलेल्या आजच्या टिन शेडमध्ये हद्दीपर्यंतची जागा वापरण्याच्या ओढीने पत्रा भिंतीबरोबरच कापला जातो.

अशा छपराला पन्हळ लावताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे पाणी पत्र्याच्या टोकावरून सरळ खाली पडत नाही. पृष्ठताणामुळे ते खालच्या अंगाला चिकटून मागे वळते आणि भिंतीवरून ओघळते. छपराचा उतार जितका कमी, तितका हा दोष अधिक, आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने पश्चिमेची भिंत सर्वांत आधी भिजते. दुसरी अडचण म्हणजे ब्रॅकेट अडकवायला वाशांची टोके किंवा फळी नसते. म्हणून पन्हळ कोणती घ्यावी, या प्रश्नाआधी पाणी कोठून सुटणार आणि पन्हळ कशाला धरणार, हे ठरवावे लागते. बाजारातून तयार पन्हळ आणून मग जागा शोधणे हा उलटा क्रम होय.

पाणी सुटण्याची जागा करण्यासाठी पत्र्याखाली जस्ताच्या पत्र्याची वाकवलेली पट्टी सरकवतात. तिची वरची बाजू पत्र्याखाली किमान १०० ते १५० मिमी आत जाते आणि खालची बाजू पन्हळीच्या पोटात उतरते, त्यामुळे मागे वळणारे पाणीही पन्हळीतच पडते. पट्टी आणि नालीदार पत्रा यांच्यामधल्या पोकळीत फोमची फिलर पट्टी भरली नाही, तर तिरपा पाऊस त्या वाटेने आत येतो. पत्रा बदलायचाच असेल, तर तो भिंतीपुढे ५० मिमी काढणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

आधाराचे तीन मार्ग आहेत. विटांची भिंत भक्कम असल्यास अँकर बोल्टने लोखंडी अँगलचे ब्रॅकेट बसवावेत. भिंत कच्ची किंवा वेडीवाकडी असल्यास आधी तिच्यावर एक सरळ फळी किंवा चौकोनी पाइप ठोकून त्यावर ब्रॅकेट घ्यावेत. भिंतीला हातच लावता येत नसेल, तर पत्र्याच्या उंचवट्यावरून पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराला, बोल्ट केलेल्या पट्ट्यांनी पन्हळ टांगता येते. मात्र पत्रा जुना ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असेल, तर त्याला कोरडी भोके पाडू नयेत, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

आकारात चौकोनी पन्हळ येथे अधिक सोयीची ठरते, कारण तिची पाठ भिंतीला सपाट टेकते. अर्धगोल पन्हळीच्या मागे फट राहते. लोहा मंडीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, पत्रा घेऊन पत्रेवाल्याकडून हव्या मापाची पन्हळ वाकवून घेता येते, आणि वळचण नसलेल्या छपरासाठी ती तयार पीव्हीसी पन्हळीपेक्षा बहुधा चांगली बसते. तिचा पुढचा काठ पाठीपेक्षा थोडा खाली ठेवणे अत्यावश्यक आहे, म्हणजे पन्हळ तुंबली तरी पाणी बाहेर सांडते, भिंतीकडे येत नाही. पीव्हीसी गंजत नाही, हे खरे. पण हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांच्या दरम्यान सहा मीटरची पन्हळ दीड-दोन सेंटीमीटर लांब होते, म्हणून तिचे सांधे सरकते ठेवावे लागतात.

मापाचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३ × ६ मीटरच्या शेडवर ताशी १५० मिमी वेगाची सर आली, तर मिनिटाला ४५ लिटर पाणी येते. त्यासाठी १०० × ७५ मिमीची पन्हळ आणि ७५ मिमीचा उतरता पाइप पुरेसा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये इंदूरला चोवीस तासांत २६० मिमीहून अधिक पाऊस झाला होता, पण पन्हळीचे माप दिवसाच्या बेरजेवर नव्हे, तर काही मिनिटांच्या जोरावर ठरते. घराच्या गच्चीची नळी शेडवर सुटत असेल, तर गच्चीचे क्षेत्रफळही हिशेबात धरावे. हे हमखास विसरले जाते. पन्हळीला दर मीटरला ३ ते ५ मिमी उतार द्यावा.

हद्दीवरच्या भिंतीबाबत मात्र पन्हळ शेजाऱ्याच्या जागेत डोकावता कामा नये. वहिवाटीच्या हक्कांसंबंधीच्या १८८२ च्या कायद्यातील एका उदाहरणानुसार, वळचणीचे पाणी शेजारी सोडण्याचा हक्क असला, तरी शेजाऱ्यावरील बोजा वाढेल अशा रीतीने वळचण पुढे काढता येत नाही. तेथे पत्रा भिंतीच्या आत कापून भिंतीच्या आतल्या अंगाला पन्हळ बसवणे किंवा छपराचा उतारच आपल्या अंगणाकडे फिरवणे, हे दोनच मार्ग उरतात, आणि त्यांतला दुसरा अधिक चांगला, कारण आतली पन्हळ तुंबली की पाणी थेट शेडमध्ये उतरते.

माळव्याची काळी माती भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. त्यामुळे उतरत्या पाइपचे पाणी पायाशी न सोडता टाकीत, शोषखड्ड्यात किंवा किमान दीड मीटर दूर न्यावे. कडुनिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होत असल्याने पन्हळ जूनपूर्वी साफ करावी आणि वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून ते खालच्या तोंडापर्यंत न साचता पोचते की नाही, हे पाहावे.