पदोन्नतीचा अर्ज: परीक्षेआधी सेवापुस्तक उघडा

महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमनचा प्रमुख अग्निशामक किंवा पुढे सब ऑफिसर व्हायचं म्हटलं की सगळे अभ्यासाला लागतात. पण बरीच नावं परीक्षेच्या आधीच आस्थापना विभागाच्या टेबलावर गळतात. आगीत उडी घेणारी माणसं एका न झालेल्या नोंदीसाठी मागे राहतात, ते बघवत नाही.

पात्रता आपल्याच महापालिकेच्या सेवाप्रवेश नियमांत बघा. सेवेची वर्षं, लागणारा कोर्स, पदोन्नती आणि सरळसेवेचं प्रमाण सगळं तिथं असतं आणि ते महापालिकेगणिक बदलतं. शेजारच्या दलातल्या मित्राचं ऐकून अर्ज भरू नका.

सर्वात जास्त गोंधळ तारखेचा होतो. परिपत्रकात अर्जाची शेवटची तारीख ठळक असते. अर्हता कोणत्या दिवशी मोजणार, ती तारीख मात्र आतल्या परिच्छेदात दडलेली असते. कोर्सचा निकाल या दोन तारखांच्या मधे लागला, तर अर्ज वेळेत देऊनही तुम्ही अपात्र ठरू शकता. सेवासुद्धा नियमित नियुक्तीपासून धरतात. त्याआधी कंत्राटावर काढलेली वर्षं तुम्ही मोजता, कार्यालय मोजत नाही.

दुसरी अडचण कोर्सची. सब ऑफिसर पदासाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा किंवा राज्याच्या प्रशिक्षण केंद्राचा पाठ्यक्रम मागतात. खासगी संस्थेची फायर अँड सेफ्टी पदविका त्याला समकक्ष धरली जाईल, असं समजून पैसे भरू नका. आधी आस्थापनेकडून लेखी उत्तर घ्या.

आता सेवापुस्तक. एका दलातल्या प्रमुख अग्निशामकानं कोर्सचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरी जपून ठेवलं होतं. सेवापुस्तकात त्याची नोंद पेन्सिलनं केलेली, खाली सही नाही. सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला. मूळ प्रमाणपत्र हातात असूनही तो त्या वर्षी यादीत आला नाही. चूक कार्यालयाची, वर्ष मात्र त्याचं गेलं. म्हणून दरवर्षी सेवापुस्तक मागून घ्या. नाव, जन्मतारीख, नियुक्तीचा आदेश, कोर्स, विभागीय परीक्षा, प्रत्येक नोंदीवर सही-शिक्का आहे का ते डोळ्यांनी पाहा. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आहे आणि सेवापुस्तकात नाही, एवढ्यावरही प्रकरण परत येतं.

गोपनीय अहवाल हा कागद तुमच्या हातात नसतो, तरी तो नसल्याची शिक्षा तुम्हालाच होते. वर्षात दोन-तीन केंद्रांवर बदली झाली की कोणाही अधिकाऱ्याकडे लिहिण्याइतका काळ भरत नाही आणि त्या वर्षाची जागा कोरी राहते. मागितलेल्या वर्षांपैकी कोणतं वर्ष रिकामं आहे, हे आताच लेखी विचारा. जात वैधता प्रमाणपत्र, संगणक अर्हता, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला हे नेहमीचे कागद. फाइल करून ठेवा.

परीक्षेत तांत्रिक पेपर अवघड जातो, कारण हाताला येतं ते कागदावर उतरत नाही. बीए सेटचंच घ्या, म्हणजे धुरात शिरताना पाठीवर लावायचा श्वसन संच. 6 लिटरचा सिलिंडर, दाब 300 बार, म्हणजे 1,800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं. बरेच जण इथंच थांबतात. हवा संपत आल्याची शिट्टी 50 बारला वाजते असं धरलं, तर त्यानंतरची 300 लिटर हवा बाहेर पडण्यासाठी राखलेली. कामाला उरली 1,500 लिटर, म्हणजे साडेसदतीस मिनिटं. शिट्टी वाजल्यावर आत थांबायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेच गणितात दाखवा. पंपाचंही तसंच: 10 मीटर चढावाला साधारण 1 बार दाब जातो आणि त्याच होजमधून (पाण्याच्या नळीतून) पाणी दुप्पट नेलं तर घर्षणानं होणारा तोटा चौपट होतो.

आगीच्या वर्गांत परदेशी पुस्तकं घात करतात. अमेरिकन वर्गवारीत सी म्हणजे विजेची आग. आपल्याकडे सी म्हणजे वायूची. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमातही नमुना ए आणि बी या दोन दाखल्यांची अदलाबदल होते. आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा जो दाखला दर जानेवारी आणि जुलैत मालक किंवा भोगवटादारानं परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचा, तो नमुना बी.

अर्ज दिला की आवक क्रमांकाची पोच घ्या. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागते तेव्हा तुम्ही ड्युटीवर असाल, किंवा ड्युटी संपवून घरी झोपलेले. हरकतीची मुदत तेवढ्यात निघून जाते. केंद्रावरच्या एका सहकाऱ्याला यादीचा फोटो पाठवायला सांगून ठेवा आणि हरकत तोंडी सांगू नका, लेखीच द्या.