अंजिराचं काळीज

आपलं ‘यकृत’ आणि लॅटिनमधलं ‘येकुर’ एकाच मुळाचे. फारसीतून मराठीत आलेला ‘जिगर’ही त्याच कुळातला. इतका जुना शब्द लॅटिनच्या लेकींनी मात्र टाकून दिला. इटालियनमध्ये फेगातो, स्पॅनिशमध्ये इगादो, पोर्तुगीजमध्ये फीगादु, रुमानियनमध्ये फिकात, फ्रेंचमध्ये फ्वा. यांपैकी एकातही येकुरचा मागमूस नाही. हे सगळे शब्द ‘फिकुस’पासून, म्हणजे अंजिरापासून आले.

कारण स्वयंपाकघरात सापडतं. हंसांना अंजिरं चारून त्यांचं यकृत फुगवायचं, ही ग्रीक-रोमन खवय्यांची आवड होती. इ.स.पू. पहिल्या शतकातला कवी होरेस एका बड्या मेजवानीची टर उडवताना अंजिरावर पोसलेल्या पांढऱ्या हंसिणीच्या यकृताचा उल्लेख करतो. हीच युक्ती अपिकियस नावाच्या खवय्यानं डुकरिणींवर वापरली, असं रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो: सुकी अंजिरं खाऊ घालायची, मग मध घातलेली वाइन पाजून एकदम मारायचं. (खवय्येगिरी हीसुद्धा क्रूर असू शकते.)

या पदार्थाला ग्रीकमध्ये ‘हेपार सिकोतोन’ म्हणत, सिकोन म्हणजे अंजीर. त्याच धर्तीवर लॅटिनमध्ये ‘येकुर फिकातुम’ झालं: अंजिरी कलेजी. पुढे ‘कटिंग चहा’तला चहा गळून नुसतं ‘कटिंग’ उरतं, तसं ‘फिकातुम’ उरलं. आधी ताटातल्या यकृताचं नाव, मग कुठल्याही यकृताचं, शेवटी माणसाच्याही. ग्रीकमध्येही तेच घडलं. आज तिथं यकृत म्हणजे ‘सिकोती’. जुना ‘हेपार’ डॉक्टरांच्या ‘हिपॅटायटिस’मध्ये तग धरून आहे.

स्पॅनिशमध्ये शब्दारंभीचा फ बहुतेकदा ह झाला आणि पुढे तो उच्चारातूनही गेला. म्हणून तिथं अंजीर ‘इगो’ आणि यकृत ‘इगादो’: नातं अजून कानाला ऐकू येतं. फ्रेंच ‘फ्वा’ इतका झिजलाय की त्यात अंजीर शोधून सापडत नाही.

अर्थाची गंमत पुढेच आहे. आपलं ‘काळीज’ मुळात यकृतच. पण आता ते हृदयाच्या जागी बसलंय आणि खाटकाकडे ‘कलेजी’ मागावी लागते. इटालियन माणसाकडे ‘फेगातो’ असला तर तो धाडसी, आपल्या जिगरबाजासारखा. फ्रेंचांच्या बोलीत मात्र ‘फ्वा’ असणं म्हणजे घाबरगुंडी उडणं.

आणि ‘फ्वा ग्रा’, फ्रेंचांचा फुगवलेल्या यकृताचा पदार्थ? शब्दशः ‘चरबीदार यकृत’. फिकातुममध्ये पोसून फुगवणं आलंच होतं. ते विसरल्यावर ‘ग्रा’ वेगळं जोडावं लागलं. आता तिथं पक्ष्यांना मका भरवतात.