गेटवरचा हंगाम

३० जूनची संध्याकाळची फेरी संपली की ताडोबाच्या गाभा क्षेत्राची गेटं तीन महिन्यांसाठी बंद होतात. मोहर्ली, कोलारा, खुटवंडा, नवेगाव, झरी, पांगडी, सगळीकडे एकच गत. मग पंधरा-वीस दिवसांत, अंगात गाइडचा खाकी शर्ट घालून पुण्या-मुंबईच्या लोकांना वाघाचा माग दाखवणारा पोरगा धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा दिसतो. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झालेला असतो. १ ऑक्टोबरला गेट उघडलं की तो पुन्हा शर्ट चढवतो. नोव्हेंबरात धान कापायला येतं तेव्हा मात्र गेट की शेत, अशी ओढाताण होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वाघ आणि पर्यटक आले म्हणून गावात हे हंगामी काम आलं. गोष्ट जरा उलटी आहे. विदर्भातल्या जंगलाकाठच्या गावांना जंगलाने बारमाही काम कधी दिलंच नाही. दीडशे वर्षांत मालक बदलले, कामाची नावं बदलली. ‘हंगाम संपला, आता घरी जा’ हे वाक्य तेवढं बदललं नाही.

१८६४ साली इंग्रजांनी वनखातं उभं केलं. मेळघाटचं मोठं जंगल त्याच दशकात राखीव झालं, आणि खात्यापुढे पहिला प्रश्न आला तो माणसांचा. सागवान तोडायचं, बांबू काढायचा, रस्ते करायचे, वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करायच्या, तर हात कुठून आणायचे? त्यावर निघालेला तोडगा म्हणजे वनग्राम. कोरकू, गोंड कुटुंबांना राखीव जंगलाच्या आत वसवायचं, कसायला जमिनीचा तुकडा द्यायचा, घराला लाकूड आणि गुरांना चराई द्यायची. बदल्यात साहेबाने हाक मारली की कामावर हजर व्हायचं. जमीन कसायची, पण सातबाऱ्यावर नाव नाही. काम नाकारलं तर पायाखालची जमीनही जाणार. याला नोकरी म्हणायचं की वेठ, हा वाद घालणारे घालोत. कोरकू म्हाताऱ्यांच्या तोंडी आजही ‘जंगलखातं’ हा शब्द ज्या सुरात येतो, त्यात उत्तर आहे.

दुसरं काम शिकारीचं. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, परवाना काढून साहेब लोक, संस्थानिक आणि नंतर देशी-परदेशी हौशे येत. त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी हाका घालून जनावर पुढे हुसकायचं, मचाण बांधायचं, आमिषाला हेला, म्हणजे रेडा, बांधून रात्रभर राखण करायची. पाणवठे आटले की जनावर कुठे येणार हे हमखास सांगता येतं, म्हणून उन्हाळा हा शिकारीचा मोक्याचा हंगाम. आज एप्रिल-मेच्या भट्टीत, पंचेचाळीस अंशांत, जिप्सीच्या रांगा लागतात त्या ह्याच कारणाने. माकडाचा खकार, चितळाची हाळी, सांबराचा भोंगा ऐकून वाघ कुठल्या नाल्यात आहे ते सांगण्याची जी विद्या गाइडला टिप मिळवून देते, ती हाक्याच्या माणसांकडून चालत आलेली आहे. बंदूक जाऊन कॅमेरा आला. पुढे चालणारा माणूस त्याच गावचा राहिला.

ताडोब्यात शिकार १९३५ साली थांबली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. गंमत अशी, की महाराष्ट्राचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र राज्याहून पाच वर्षांनी मोठं आहे. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, त्या वेळचा चांदा, मध्य प्रदेशात होता. तळ्याकाठी तारोबाचं ठाणं. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंडांचा पुढारी पुढे देव झाला, आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव पडलं. देव गोंडांचा आणि त्याच्या दर्शनाला मात्र खात्याची परवानगी, ही स्थिती पुढे आली.

त्यानंतरचा कागदी इतिहास भराभर सांगता येतो. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा. अमेरिकेने यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान केलं १८७२ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षं आधी. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. १९७५ मध्ये पेंच आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यानं झाली. ताडोबा-अंधारी प्रकल्प १९९५ चा, पेंच १९९९ चा, नवेगाव-नागझिरा २०१३ चा, बोर २०१४ चा.

यलोस्टोनची आठवण काढली ती उगाच नाही. तिकडे उद्यानात हंगामी नोकरीला जाणारा तरुण बहुधा दूरच्या गावचा असतो. तो उन्हाळाभर उद्यानातच राहतो आणि थंडी पडायच्या आत परत जातो. आपल्याकडे हंगामी माणूस तिथलाच. त्याला परत जायला दुसरं गाव नाही. उद्यान बंद झालं तरी तो उद्यानाच्या कुंपणालाच राहतो, आणि कुंपणही बहुतेक ठिकाणी नसतंच.

आता रोजंदारीची गोष्ट. उद्यानं झाली तशी वृक्षतोड थांबली आणि तोडीवरची मजुरी गेली. राहिली ती राखणीची आणि डागडुजीची कामं: पाणवठे भरणं, रस्ते दुरुस्त करणं, गस्त, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वणवा. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्या काळासाठी गावातली पोरं ‘फायर वॉचर’ म्हणून घेतात. काम साधं दिसतं, पण नाही. होळीच्या आसपास पानगळ पुरी झालेली असते, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवतो, वारा सुटतो, आणि मग ओल्या फांद्यांनी झोडपत रात्रभर डोंगर चढायचा. मेळघाटात तर होळी हाच कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर खाली अकोट-अंजनगावकडे सोंगणीला गेलेली कुटुंबं होळीला हमखास परततात. सणही तेव्हाच आणि आगही तेव्हाच.

हे काम किती दिवसांचं? मोजून बघा: १२१ दिवस. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण समोर दुसरा आकडा उभा आहे तो २४० चा. ३१ जानेवारी १९९६ च्या शासन निर्णयाने वनविभागातल्या रोजंदारी मजुरांना कायम करायचं ठरलं. त्यासाठी ८,०३८ पदं काढली गेली. अट अशी, की नोव्हेंबर १९८९ ते ऑक्टोबर १९९४ या पाच वर्षांत दरवर्षी निदान २४० दिवस काम भरलेलं असावं. ऑक्टोबर २०१२ मध्ये आणखी ६,५४६ मजुरांसाठी तसाच निर्णय झाला. ज्यांचे दिवस भरले ते वनमजूर म्हणून कायम झाले, त्यांना पेन्शन आली, त्यांच्या पोरांची लग्नं चांगल्या घरी झाली. ज्याचे २३० भरले तो मागे राहिला. हजेरीपट कोणाकडे, त्यावर नाव कुठल्या महिन्यापासून, रोजगार हमीचे दिवस धरायचे की नाही, यावरून कोर्टकज्जे झाले. एकाच गावात, एकाच कुऱ्हाडीने काम केलेल्या दोन भावांची आयुष्यं दहा-वीस हजेऱ्यांवरून वेगळी झालेली मी पाहिली आहेत. फायर वॉचरला तर हा दरवाजा आधीपासूनच बंद. १२१ म्हणजे २४० च्या जेमतेम निम्मे.

बसल्या बसल्या गाइडचाही हिशेब करून टाकू. १ ऑक्टोबर ते ३० जून हे २७३ दिवस. ताडोबा मंगळवारी बंद असतो, ते ३९ वजा केले की उरतात २३४. गाइड काही खात्याचा मजूर नाही, त्याला ही अट लागतही नाही. तरी गाभ्यात एकही दिवस न चुकवता गेलेला गाइड सहा दिवसांनी कमी पडतो, हे बघून हसू आल्याशिवाय राहत नाही.

गाइडचं काम आजच्या रूपात आलं ते फार जुनं नाही. पूर्वी लोक आपल्याच गाडीने आत जात, बरोबर गावचा एखादा माणूस घेत. हळूहळू खाजगी गाड्या बंद झाल्या, उघडी जिप्सी आली आणि गाडीमागे एक नोंदणीकृत गाइड सक्तीचा झाला. २००५ मध्ये राजस्थानच्या सारिस्का प्रकल्पातले वाघ संपल्याचं उघड झालं. त्या धक्क्यातून २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, आतला गाभा आणि भोवतालचा बफर ही विभागणी आली. ताडोब्याचा सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचा बफर २०१० मध्ये जाहीर झाला. प्रत्येक प्रकल्पाची प्रतिष्ठान संस्था असते. गेटवरचा पैसा तिच्याकडे जमा होतो, आणि राखणीच्या कितीतरी रोजंदारीचा पगार त्यातूनच निघतो.

मग २०१२ चा जुलै उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातल्या पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. १ ऑक्टोबर गेला तरी गेटं उघडेनात. गावागावांत जिप्सीचे हप्ते थकायची भीती. ऑक्टोबरच्या मध्यावर नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, आणि एका वेळी आत सोडायच्या गाड्यांवर मर्यादा. वाघाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की रोजगाराची संख्या वाघ किंवा पर्यटक ठरवत नाहीत, गेटचा कोटा ठरवतो. गाड्या ठरलेल्या, म्हणून गाइडही ठरलेले. गाइड व्हायला तयार पोरं मात्र दरवर्षी वाढणार. त्यामुळे ‘नंबर’ लागतो. नंबर कधी रोज येतो, कधी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. टिप ‘सायटिंग’वर. वाघ दिसला तर गिऱ्हाईक खूश, नाही दिसला तर गाइड गुन्हेगार.

राज्यातले वाघ २००६ च्या गणतीत १०३ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. ही वाढ बहुतांशी विदर्भातली. तिचं श्रेय वाटताना रात्री संरक्षण कुटीत राहणाऱ्या माणसांचं नाव शेवटी येतं, आलं तर. दोन-तीन माणसं, पंधरा दिवसांचा किराणा, सोलरचा दिवा, एक वायरलेस. दिवसभर पायी गस्त. मेळघाटात पावसाळ्यात नाले भरले की कुटीचा गावाशी संबंधच तुटतो. उद्यानात ‘राहणं’ म्हणजे खऱ्या अर्थाने हेच. रिसॉर्टच्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहणारा स्वयंपाकी किंवा वेटर बहुधा बाहेरून आलेला असतो, जून संपला की निघून जातो. यलोस्टोनच्या पोराशी त्याचं थोडंफार जुळेल.

हे काम जिवावरचं आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी गणतीच्या पूर्वतयारीत पायी माग घेताना कोलारा भागात एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. बरोबर मजूर होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. नोकरीवर असलेल्यांची निदान नोंद तरी होते. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि त्यात सबंध घर पहाटे जंगलात जातं. पानं खुडायची, दुपारी सावलीत पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचे. गुंतवणूक नाही, रोख पैसा आणि पुढे बोनसची आशा. त्यावरच रोवण्याचं बी-खत येतं. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्याच महिन्यात उद्यानाचा हंगाम ऐन भरात असतो. एका बाजूला वाघ दिसावा म्हणून पैसे मोजणारे, दुसऱ्या बाजूला दिसू नये म्हणून आरोळ्या देत चालणाऱ्या बायका, आणि पुष्कळदा दोन्हीकडे एकाच घरातली माणसं.

पुनर्वसनाने या चक्रातून काही गावं बाहेर काढली. मेळघाटातून कोहा, कुंड, बोरी ही गावं या शतकाच्या सुरुवातीलाच खाली अकोटकडे उतरली. ताडोब्यातून बोटेझरी २००७ मध्ये गेलं. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये, नंतर ते पंधरा झाले. पैसा मिळाला, काहींना रस्ता, शाळा, वीज मिळाली. पण मोह, तेंदू, जाळरेषा, फायर वॉचरी हे चार हंगाम जोडून जे वर्ष उभं राहत होतं, त्याचे तुकडे नव्या जागी सापडत नाहीत. मेळघाटातली काही कुटुंबं परत जंगलाकडे निघाली, त्यावरून संघर्ष झाला, हे त्यामुळेच.

अलीकडे बफरची गेटं पावसाळ्यातही चालू राहू लागली आहेत. आगरझरी, देवाडा, जुनोना इथल्या पोरांना जुलै-ऑगस्टातही काही फेऱ्या मिळतात. काम वाढलं हे खरंच. पण रोवण्याला पाणी एकदाच साधतं, बांधी कोणासाठी थांबत नाही. म्हणून आता असं चालतं: आदल्या संध्याकाळी नंबर आहे की नाही ते बघायचं. असला, तर रोवणाऱ्या बायांच्या टोळीला उद्याचं सांगून ठेवायचं, आणि गेटवर मिळालेले पैसे संध्याकाळी त्यांच्या रोजीला द्यायचे. नसला, तर स्वतःच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, घेऊन चिखलात उतरायचं.