भारतीय क्रिकेट संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा, १९४७-४८

स्वतंत्र भारताच्या क्रिकेट संघाचा हा पहिला परदेश दौरा आणि ऑस्ट्रेलियातला भारताचा पहिलाच कसोटी दौरा. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली गेलेला संघ नोव्हेंबर १९४७ ते फेब्रुवारी १९४८ या काळात डॉन ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच कसोटी सामने खेळला. त्यांपैकी चार तो हरला, त्यातले तीन डावाने. सिडनीचा सामना पावसामुळे अनिर्णित राहिला. निकालाच्या रकान्यात ०-४ एवढेच दिसते, आणि म्हणून हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासात बहुधा दोन ओळींत उरकला जातो. पण विजय हजारे, विनू मांकड आणि दत्तू फडकर यांनी या चार महिन्यांत जे केले, ते तोपर्यंत कोणत्याही भारतीय फलंदाजाने एवढ्या ताकदीच्या संघापुढे केले नव्हते. या दौऱ्याचे मोल तिथे आहे.

यापूर्वी भारत एकूण दहा कसोटी सामने खेळला होता, सगळे इंग्लंडविरुद्ध, आणि एकही जिंकला नव्हता. ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली होती ती अनधिकृत सामन्यांत: १९३५-३६ मध्ये जॅक रायडर यांचा संघ भारतात आला होता आणि १९४५ मध्ये लिंडसे हॅसेट यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियन सैनिकांचा. आता गाठ होती ब्रॅडमन यांच्या पूर्ण संघाशी. हाच संघ, थोड्या फेरफारांनी, १९४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला आणि एकही सामना न हरता परतला.

संघाची निवड आणि फाळणी

भारताचा खरा संघ मायदेशातच मोडला होता. कर्णधारपदी निवड झालेले विजय मर्चंट प्रकृतीच्या कारणाने गेले नाहीत. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत २,३८५ धावा काढल्या होत्या, यावरून त्यांची उणीव केवढी असेल हे ध्यानात यावे. रुसी मोदींनी माघार घेतली. मुश्ताक अली यांच्या थोरल्या भावाचे निधन झाल्याने त्यांनाही जाता आले नाही. म्हणजे सलामीची ठरलेली जोडी गेली आणि मधल्या फळीतला एक भरवशाचा फलंदाजही. फाळणीचा घाव थेट गोलंदाजीवर बसला. निवड झालेले वेगवान गोलंदाज फजल महमूद यांनी पाकिस्तानात राहणे पसंत केले, आणि लिंडवॉल-मिलर या वेगवान जोडीच्या देशात भारत पट्टीच्या वेगवान गोलंदाजाविना गेला. संघातले अमीर इलाही आणि गुल महंमद हे दोघे पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळले. स्वतः अमरनाथ लाहोरच्या क्रिकेटमध्ये वाढलेले. त्या वर्षी त्यांच्यासारख्या माणसाने संघ एकत्र ठेवून परदेशी नेला, याची नोंद धावफलकात होत नाही.

मराठी नावे या संघात बरीच होती. सांगलीत जन्मलेले हजारे, कोल्हापूरचे फडकर, पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी, मुंबईचे खंडू रांगणेकर, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले रंगा सोहोनी आणि होळकर संघाचे चंदू सरवटे. संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता होते.

कसोटीआधीचे सिडनी

नोव्हेंबरमध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्ध झालेला सामना दोन कारणांनी लक्षात राहिला. १५ नोव्हेंबरला ब्रॅडमन प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या आपल्या शंभराव्या शतकापासून एका धावेवर आले, तेव्हा अमरनाथांनी चेंडू गोगुमल किशनचंद यांच्या हाती दिला. किशनचंद सहसा गोलंदाजी करत नसत, त्यामुळे चेंडू कसा येईल याचा ब्रॅडमननाही अंदाज नव्हता. ते जपून खेळले, एक धाव घेतली आणि मैदान दणाणून गेले. त्या डावात त्यांनी १७२ काढल्या. सामना मात्र भारताने जिंकला, ४७ धावांनी. दुसऱ्या डावात मांकडांनी ८४ धावांत आठ बळी घेतले.

याच सामन्यात मांकडांनी बिल ब्राउन यांना गोलंदाजीच्या टोकाला धावबाद केले. चेंडू टाकण्याआधीच ब्राउन क्रीज सोडून पुढे सरकत होते. मांकडांनी आधी ताकीद दिली, पुन्हा तेच घडल्यावर बेल्स उडवल्या.

कसोटी मालिका

ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने प्रथम फलंदाजी करून ८ बाद ३८२ वर डाव घोषित केला. ब्रॅडमन १८५ वर बाद झाले ते अमरनाथांच्या गोलंदाजीवर, आपल्याच यष्टीला धक्का लागून. त्यांच्या सगळ्या कसोटी कारकिर्दीत असे एकदाच घडले. मग पाऊस आला. त्या काळी ऑस्ट्रेलियात सामना चालू असताना खेळपट्टी झाकत नसत, आणि ओली खेळपट्टी वाळू लागली की चेंडू कधी उसळे, कधी खाली राही. अशा खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत संपले. डावखुरे अर्नी टोशॅक यांनी पहिल्या डावात १९ चेंडूंत दोन धावा देऊन पाच बळी घेतले. (ऑस्ट्रेलियात तेव्हा षटक आठ चेंडूंचे असे.) दुसऱ्या डावात त्यांना आणखी सहा मिळाले. एक डाव आणि २२६ धावांनी हार झाली. खेळपट्टीने घात केला हे खरे, पण ओल्या खेळपट्टीवर कसे उभे राहायचे याचा सराव मॅटिंगवर (काथ्याच्या चटईवर) आणि कोरड्या खेळपट्ट्यांवर वाढलेल्या भारतीय फलंदाजांना नव्हता, हेही तितकेच खरे.

सिडनीच्या दुसऱ्या कसोटीत पाऊस भारताच्या बाजूने आला असता, पण तो थांबलाच नाही. भारताच्या १८८ धावांत पदार्पण करणाऱ्या फडकरांच्या ५१ होत्या. ऑस्ट्रेलियाचा डाव १०७ धावांत आटोपला. हजारेंनी २९ धावांत चार, फडकरांनी १४ धावांत तीन बळी घेतले, आणि ब्रॅडमन यांचा १३ धावांवर हजारेंनी त्रिफळा उडवला. दुसऱ्या डावात भारत ७ बाद ६१ असताना, म्हणजे १४२ धावांची आघाडी हाती असताना, खेळ पावसात वाहून गेला. या मालिकेत ऑस्ट्रेलिया अडचणीत आली असे म्हणता येईल ते एवढेच.

१३ डिसेंबरला याच कसोटीत मांकडांनी ब्राउनना पुन्हा तसेच धावबाद केले. ब्राउन १८ वर होते. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्रांनी खिलाडूवृत्तीचा प्रश्न उकरला, पण ब्रॅडमननी मांकडांची बाजू घेतली. फलंदाज फुकटचा फायदा घेत असेल तर गोलंदाजाने त्याला बाद करण्यात गैर ते काय, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी निवृत्तीनंतर लिहूनही ठेवले. असे असताना पुढची कित्येक दशके अशा बाद करण्याला ‘मांकडिंग’ असे मांकडांचे नाव चिकटवले गेले, आणि तेही दूषण म्हणून. ज्याने नियम पाळला त्याचे नाव खराब झाले आणि ज्याने क्रीज सोडली तो सुटला. हा मांकडांवर अन्याय होता. सुनील गावसकरांनी या शब्दप्रयोगाला जाहीर हरकत घेतली होती. २०२२ मध्ये नियमावलीत ही तरतूद ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून सरळ धावबादच्या कलमात घालण्यात आली.

तिसऱ्या कसोटीपर्यंत मांकडांची बॅट मुकी होती. चार डावांत ०, ७, ५ आणि ५. रे लिंडवॉल यांच्या वेगापुढे ते पुन्हा पुन्हा फसत होते. त्यांनी सरळ लिंडवॉलनाच जाऊन विचारले की माझे चुकते कुठे, असे सांगतात. बॅट फार उंच उचलता, त्यामुळे यॉर्करवर खाली आणायला उशीर होतो, असे उत्तर मिळाले. मेलबर्नला मांकडांनी ११६ धावा काढल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीतले हे पहिले भारतीय शतक. सलामीला सरवटे त्यांच्याबरोबर नेटाने उभे राहिले आणि शतकी भागीदारी झाली. पाऊस पडल्यावर अमरनाथांनी ९ बाद २९१ वर डाव सोडला. ऑस्ट्रेलियाला ओल्या खेळपट्टीवर आणण्याची ही चाल चांगली होती. ब्रॅडमननी त्यावर तोड काढली. तळाचे फलंदाज आधी पाठवून त्यांनी वेळ काढला, आणि खेळपट्टी सुधारल्यावर स्वतः नाबाद १२७ आणि आर्थर मॉरिस यांनी नाबाद १०० काढल्या. पहिल्या डावातल्या १३२ धरून ब्रॅडमन यांची एकाच कसोटीत दोन शतके झाली. त्यांच्या कारकिर्दीत हे एकदाच घडले. भारत २३३ धावांनी हरला.

अ‍ॅडलेड आणि हजारे

अ‍ॅडलेडची खेळपट्टी फलंदाजीला उत्तम होती. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला: ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, सिड बार्न्स ११२. उत्तरादाखल भारताची अवस्था ५ बाद १३३ झाली, तेव्हा हजारे आणि फडकर एकत्र आले. त्यांनी सहाव्या गड्यासाठी १८८ धावा जोडल्या. हजारे ११६, फडकर १२३. डाव ३८१ वर संपला आणि फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी.

दुसऱ्या डावाची सुरुवात फलकावर एकही धाव नसताना झाली ती दोन गडी गमावून. मांकड आणि अमरनाथ दोघांनाही लिंडवॉलनी शून्यावर परत पाठवले होते. हजारे पुन्हा आत आले. लिंडवॉल, मिलर, टोशॅक, जॉन्सन, मॅककूल असा मारा, डावाची हार समोर, आणि टिकायचे तर तासन्‌तास. त्यांनी १४५ धावा काढल्या. अधिकारींनी ५१ धावा करून त्यांना साथ दिली आणि सातव्या गड्यासाठी १३२ धावांची भर पडली. मांकड-अमरनाथ धरून सहा जणांना खाते उघडता आले नाही. लिंडवॉलनी ३८ धावांत सात बळी घेतले. डाव २७७ वर संपला, म्हणजे निम्म्याहून जास्त धावा एकट्या हजारेंच्या.

एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे हजारे हे पहिले भारतीय. ब्रॅडमननी आदल्याच सामन्यात केलेली गोष्ट त्यांनी ब्रॅडमन यांच्याच मैदानावर केली, तीही हरणाऱ्या बाजूने. एकट्याने किल्ला लढवणे त्यांना नवे नव्हते. १९४३ च्या, धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेत ब्रेबॉर्न स्टेडियमवर ‘रेस्ट’ (इतर धर्मीयांच्या) संघाच्या ३८७ धावांत हजारेंच्या ३०९ होत्या. पण अ‍ॅडलेडचा मारा निराळ्या जातीचा होता. हजारे अबोल, मैदानावर कधी आवाज न चढवणारे आणि प्रसिद्धीपासून चार हात दूर राहणारे. त्यामुळेही असेल, या दोन शतकांची आठवण व्हायला हवी तेवढी होत नाही. भारतीय फलंदाजाने परदेशात खेळलेल्या सर्वोत्तम कसोटी सामन्यांत या सामन्याचे स्थान फार वरचे आहे.

अ‍ॅडलेडचा सामना २८ जानेवारीला संपला. ३० जानेवारीला दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. पाचवी कसोटी ६ फेब्रुवारीला मेलबर्नला सुरू झाली. मायदेशातल्या ब्रॅडमन यांच्या या शेवटच्या कसोटीत ते ५७ वर दुखापतीमुळे मैदान सोडून गेले आणि एकोणीस वर्षांच्या नील हार्वेंनी १५३ धावा काढल्या. मांकडांनी पुन्हा शतक केले, १११. हजारेंनी ७४, फडकरांनी नाबाद ५६. पण दुसरा डाव ६७ धावांत कोसळला आणि एक डाव व १७७ धावांनी पराभव झाला.

लेखाजोखा

मालिकेत ब्रॅडमननी १७८.७५ च्या सरासरीने ७१५ धावा केल्या. भारताकडून हजारेंच्या ४२९, फडकरांच्या ३१४ आणि मांकडांच्या ३०६. फडकरांची सरासरी ५२.३३ होती, भारतीयांत सर्वांत सरस, आणि आपल्या चारही कसोटींत त्यांनी अर्धशतक किंवा शतक केले होते. बावीस वर्षांच्या अष्टपैलू खेळाडूने याहून चांगले पदार्पण काय करावे! अमरनाथांची गोष्ट उलटी झाली. इतर सामन्यांत त्यांनी धावांची रास घातली, व्हिक्टोरियाविरुद्ध तर नाबाद २२८. कसोटीच्या दहा डावांत मात्र १४० धावाच निघाल्या.

भारताला पहिला कसोटी विजय मिळाला तो चार वर्षांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला इंग्लंडविरुद्ध. कर्णधार हजारे होते, मांकडांनी बारा बळी घेतले आणि फडकरांनी ६१ धावा केल्या. ऑस्ट्रेलियात भारतीय संघ पुन्हा गेला तो थेट १९६७-६८ मध्ये, तेव्हाही चारही कसोटी हरला. तिथला पहिला विजय बिशनसिंग बेदी यांच्या संघाने १९७७-७८ च्या दौऱ्यात मेलबर्नला मिळवला.